खर्जाची पेटी

१

"एक पंधरा घ्यावा, की चार दहा?" आमच्या एका स्नेह्यांच्या मुलीने हा प्रश्न विचारला तेव्हा शेजारी बसलेल्या तिच्या आजीला ते बाजारहाटाचे बोलणे वाटले. मुलगी बेस गिटार वाजवते. महाविद्यालयातल्या मित्रमैत्रिणींचा एक वाद्यमेळ आहे, आणि आजवर उसन्या सामग्रीवर भागवल्यानंतर आता स्वतःची पेटी घ्यावी असे तिच्या मनात होते. मराठीत पेटी म्हटले की आधी बाजाची पेटी आठवते. ही पेटी निराळी. जाड प्लायवुडचा खोका, त्यात बसवलेला एक वा अनेक स्पीकर, आणि आकड्यांचा अर्थ त्या स्पीकरांचा इंचांतला व्यास. एक पंधरा-इंची, दोन बारा-इंची, चार दहा-इंची, आठ दहा-इंची अशा या पेट्यांच्या जाती. वाद्य आणि ॲम्प्लिफायर कितीही उत्तम असोत, शेवटी हवा हलवायची ती या खोक्याने.

आम्ही वाजवणारे नाही, ऐकणारे. तरीही (किंवा त्यामुळेच) क्षणाचाही विलंब न लावता आम्ही उत्तर दिले, "खर्ज हवा असेल तर पंधरा. मोठा स्पीकर, खालचा सूर." तिने त्यावर एवढेच विचारले, "पण ती रिक्षात बसेल का?" आम्ही हसलो. संगीताच्या चर्चेत रिक्षा कुठून आली, असे काहीसे मनात येऊन गेले.

पुढे कुतूहलापोटी या पेट्यांचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे आमचे उत्तर चुकीचे होते. दुसरी अधिक महत्त्वाची : ज्या प्रश्नाला आम्ही हसलो तोच या पाऊणशे वर्षांच्या इतिहासाचा खरा सूत्रधार आहे. प्रस्तुत लेख हे एका अर्थी त्या मुलीकडे केलेले क्षमायाचन आहे.

२

प्रथम थोडे पदार्थविज्ञान. त्याला इलाज नाही.

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो तो चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या दोघा अभियंत्यांनी १९२५ साली मांडलेल्या रचनेचा वंशज. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला जोडलेला कागदी शंकू. वेटोळ्यातून प्रवाह गेला की शंकू पुढेमागे हलतो. अडचण अशी की शंकू पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा ओढतो. उंच सुरांच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही. खालच्या सुरांच्या लहरी मात्र लांबलचक असतात. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला ४१ कंपनांचा, आणि त्याची लहर आठ मीटरांहून लांब. अशी लहर शंकूला सहज वळसा घालते, पुढचा दाब आणि मागची ओढ एकमेकांना भेटतात, आणि सूर तिथल्या तिथे विरतो. म्हणून खोका हवा. मागची हवा कोंडून ठेवणे हा त्याचा पहिला धर्म. बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास यांनी १९३२ च्या पेटंटात दुसरा मार्ग दाखवला : खोक्याला हिशेबाने भोक ठेवायचे, म्हणजे मागची लहर उलटून पुढचीला साथ देते. बंद पेटी आणि भोकाची पेटी ही दोन घराणी तेव्हापासून चालत आली आहेत.

आता आमच्या चुकीविषयी. शंकूचा व्यास सूर ठरवत नाही. कानावरच्या हेडफोनचा पडदा जेमतेम दीडदोन इंचांचा असतो आणि त्यातून ४१ कंपनांचा सूर स्वच्छ ऐकू येतो. व्यास महत्त्वाचा ठरतो तो दूरच्या श्रोत्यापर्यंत पोहोचायचे असते तेव्हा. कारण तिथे प्रश्न असतो तो एकूण किती हवा ढकलली जाते याचा, म्हणजे शंकूचे क्षेत्रफळ आणि त्याची पुढेमागे होणारी हालचाल यांच्या गुणाकाराचा. सूर एक सप्तक खाली आणला की तेवढाच ध्वनिदाब राखण्यासाठी चौपट हवा ढकलावी लागते. साधी गिटार आणि बेस गिटार यांच्यात नेमके एका सप्तकाचे अंतर आहे. शिवाय खालच्या सुरांना आपला कान मुळातच मंद. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या समश्राव्यतेच्या आलेखांनी हे मोजून दाखवले.

क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पंधराचा वर्ग २२५. दहाचा वर्ग १००, आणि असे चार म्हणजे ४००. म्हणजे चार दहा-इंची स्पीकर मिळून एका पंधरा-इंचीच्या पावणेदोन पटींहून अधिक, इतकेच नव्हे तर एका अठरा-इंचीपेक्षाही (३२४) अधिक क्षेत्र हलवतात. "मोठा स्पीकर, खालचा सूर" हे आमचे सूत्र शाळकरी गणितापुढेही टिकत नाही.

टिकते ते एक वेगळेच सूत्र. अमेरिकेतल्या केएलएच या कंपनीच्या नावातले शेवटचे अक्षर ज्यांचे, त्या जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ते ओळखले जाते, आणि त्या धंद्यातले लोक त्याला पोलादी नियम म्हणतात. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वीजशक्तीत मोठा आवाज हे तीन वर. त्यांतले दोनच मागता येतात. तिसरा सोडावा लागतो. खर्जाची सीमा एक सप्तक खाली न्यायची आणि कार्यक्षमता तीच राखायची तर पेटीचे घनफळ आठपट करावे लागते. बेसच्या पेट्यांचा सारा इतिहास म्हणजे कोणत्या काळाने कोणता वर सोडला याची हकीकत आहे.

३

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याची 'प्रिसिजन बेस' १९५१ साली बाजारात आली. विजेवरची बेस ही कल्पना त्याच्या आधीची आहे; सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच तसे वाद्य करून विकले होते. पण रूढ झाली ती फेंडरची. कारणे सांगीतिक होती तितकीच वाहतुकीची होती. तोवरचे खर्जाचे वाद्य म्हणजे माणसाहून उंच असा डबल बेस. तो मोटारीत मावत नसे, आणि विजेची गिटार व जोरकस ढोल यांच्या गलक्यात ऐकूही येत नसे. फेंडरने खर्ज खांद्याला अडकवण्याजोगा केला.

पण पोकळ लाकडी देह गेला तशी त्याची हवा हलवण्याची शक्तीही गेली. डबल बेसचा तो प्रचंड उदरभाग उगाच नव्हता. ती त्याची पेटीच होती. फेंडरने वाद्य लहान केले आणि वजाबाकी केलेला आकार दुसरीकडे जमा करावा लागला. १९५२ साली आलेला 'बेसमन' हा ॲम्प्लिफायर म्हणजे तो जमेचा रकाना. पंचवीस-सव्वीस वॅटची शक्ती आणि एक पंधरा-इंची स्पीकर.

त्या काळी वॅट महाग होते. काचेच्या नळ्यांच्या ॲम्प्लिफायरमधून काढलेला एकेक वॅट म्हणजे वजन आणि पैसा. उलट स्पीकरही नाजूक. जोर लावला की वेटोळे जळे वा शंकू फाटे. फेंडरने दोनतीन वर्षांतच रचना बदलली, आणि १९५० च्या दशकाच्या मध्याला 'बेसमन'मध्ये एका पंधरा-इंचीच्या जागी चार दहा-इंची स्पीकर आले. भार चौघांत वाटला गेला, क्षेत्रफळ वाढले. मात्र या पेटीची पाठ उघडी होती, म्हणजे मागची लहर पुढे येऊन खर्ज खाऊन टाकायला मोकळी. बेससाठी केलेली ही पेटी बेसला जितकी मानवली त्याहून कितीतरी अधिक गिटारवाल्यांना मानवली. लंडनजवळच्या हॅनवेलमध्ये दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६० च्या दशकाच्या प्रारंभी पहिला ॲम्प्लिफायर केला तो याच 'बेसमन'च्या आराखड्यावरून. रॉक संगीतातल्या गिटारचा जो आवाज पुढे जगभर गाजला, त्याच्या मुळाशी एक बेसचा, आणि बेसच्या दृष्टीने अर्धवट फसलेला, ॲम्प्लिफायर आहे. इतिहासाच्या अशा विनोदांना दाद द्यायला हवी.

४

याच सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एव्हरेट हल नावाचे गृहस्थ दुसऱ्या टोकाकडून निघाले होते. ते स्वतः डबल बेस वाजवत. वाद्य जमिनीला टेकते त्या खुंटीत ध्वनिग्राहक बसवून आवाज वाढवण्याची त्यांची युक्ती होती, आणि 'ॲम्प्लिफाइड पेग' या शब्दांवरून त्यांच्या कंपनीचे नाव 'अँपेग' पडले. हल यांना स्वच्छ, न फाटणारा आवाज प्रिय होता. रॉक अँड रोलचा गोंगाट त्यांना मुळीच आवडत नसे.

त्यांच्याकडे काम करणाऱ्या जेस ऑलिव्हर यांनी १९६० साली 'पोर्टाफ्लेक्स बी-१५' तयार केला. एक पंधरा-इंची स्पीकर, भोकाची पेटी, आणि वर बसणारा ॲम्प्लिफायर प्रवासात उलटा करून पेटीच्या पोटात ठेवता येई. खाली चाकांची गाडी. नावातच 'पोर्टेबल' आहे हे लक्षात घ्यावे. क्लबात आणि ध्वनिमुद्रणगृहात हा खोका इतका रुळला की 'बेसचा आवाज' म्हणजे याचाच आवाज असे पुष्कळांना वाटू लागले. इथे पोलादी नियमाशी झालेला करार स्पष्ट दिसतो : पेटी बेताची, खर्ज गोड, आवाजाची मर्यादा मान्य. पंचवीस-तीस वॅट, आणि समोर नाचणारी शेदोनशे माणसे.

मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांतला अजोड बेसवादक जेम्स जेमर्सन क्लबात वाजवताना हीच पेटी वापरी. पण ध्वनिमुद्रण करताना त्याची गिटार बहुधा पेटीला वळसा घालून थेट मिश्रणयंत्राला जोडली जाई. ज्या आवाजाच्या शोधात पुढच्या पिढ्या पेट्या विकत घेत राहिल्या, त्यातला मोठा वाटा कोणत्याही पेटीतून आलेलाच नव्हता.

श्रोते शेदोनशे होते तोवर हे ठीक होते. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स उभे राहिले तेव्हा समोर पंचावन्न हजारांहून अधिक लोक होते, आणि खास त्या दौऱ्यासाठी केलेले शंभर वॅटचे व्हॉक्स ॲम्प्लिफायर होते. किंकाळ्यांपुढे त्यांचा काही पाड लागला नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये 'द हू'च्या पीट टाउनशेंडने मार्शल यांच्याकडे आठ बारा-इंची स्पीकरांची एकसंध पेटी मागितली. पेटी झाली. ती उचलणाऱ्या माणसांनी हात टेकले तेव्हा तिचे दोन भाग करून एकावर एक रचण्यात आले. रॉकच्या रंगमंचाची खूण बनलेली ती उंच भिंत अशी आकाराला आली. तिच्या मधली आडवी रेघ हमालांच्या पाठीने आखलेली आहे.

५

अँपेग कंपनी १९६७ साली हल यांच्या हातून गेली. दोन वर्षांनी त्याच नावाने जे यंत्र बाहेर पडले ते पाहून त्यांना काय वाटले असेल याची कल्पना करवत नाही. 'एसव्हीटी' : तीनशे वॅट, चौदा नळ्या, आणि सोबत दोन पेट्या, प्रत्येकीत आठ दहा-इंची स्पीकर. रोलिंग स्टोन्सनी १९६९ च्या अमेरिकन दौऱ्यात ही सामग्री बेसलाच नव्हे तर गिटारींनाही वापरली.

ही आठ-दहाची पेटी आजही विकली जाते. उंची सुमारे चार फूट, वजन साठ किलोंहून अधिक. लाडाने किंवा वैतागाने तिला 'फ्रिज' म्हणतात. आतली रचना पाहण्यासारखी आहे. दोन-दोन स्पीकरांचे चार स्वतंत्र बंद कप्पे. प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला हवा थोडी येते. ती उशीसारखी शंकूला आवरते आणि तो फाटत नाही. आठ जणांत भार वाटल्याने तीनशे वॅटचा मारा सोसतो. उंचीमुळे वरचे स्पीकर वादकाच्या कानापाशी येतात, त्यामुळे त्याला स्वतःचे वाजवणे ऐकू येते. जोर, टिकाऊपणा, श्राव्यता अशा सगळ्या गोष्टी साधल्या.

मग सोडले काय? खर्ज! या पेटीच्या आजच्या अवताराचा निर्मात्यानेच दिलेला तपशील सांगतो की सुमारे ५८ कंपनांच्या खाली तिचा आवाज उतरणीला लागतो, आणि ४० कंपनांपाशी तो दहा डेसिबलांनी घटलेला असतो. म्हणजे बेसच्या सर्वांत जाड तारेचा मूळ सूर, ४१ कंपनांचा, ही जगातली सर्वांत नावाजलेली बेसची पेटी जेमतेमच वाजवते. आणि तरीही तिच्यासमोर उभे राहून कुणी म्हणत नाही की खर्ज कमी पडला.

याचे उत्तर पेटीत नाही, कानात आहे. तारेतून मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही निघतात. ऑगस्ट सीबेक यांनी १८४१ साली भोकांच्या चकत्यांच्या भोंग्यावर प्रयोग करून दाखवले होते की मूळ सूर अतिशय क्षीण असला तरी वरच्या सुरांच्या जुळणीवरून कान त्याच मूळ सुराचा बोध करून घेतो. जॉर्ज ओम यांना ते पटले नाही आणि दोघांत वाद झाला. विसाव्या शतकात यान स्कौटेन यांच्या संशोधनाने सीबेक यांच्या निरीक्षणाला बळ मिळाले. आमच्या वाचकांना याची उलट बाजू परिचित आहे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, आणि त्या स्वयंभू गंधाराचे आपल्याला केवढे अप्रूप! तिथे मूळ सूर वाजतो आणि वरचा आपोआप उमटतो. आठ-दहाच्या पेटीपाशी वरचे सूर वाजतात आणि तळाचा खर्ज बराचसा ऐकणाऱ्याच्या मनात भरला जातो. त्याला स्वयंभू खर्ज म्हणायला हरकत नसावी.

६

सोडायचे काहीच नाही, असा हट्ट धरणारेही झाले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या 'अकूस्टिक ३६०' या यंत्राच्या पेटीत एक अठरा-इंची स्पीकर मागे तोंड करून बसवलेला होता, आणि त्याचा आवाज घडी घातलेल्या कर्ण्यातून फिरून बाहेर येई. लेड झेपेलिनचा जॉन पॉल जोन्स आणि पुढे जाको पास्टोरियस यांनी ही पेटी गाजवली. वादकांची तक्रार अशी की पेटीपाशी उभ्या असलेल्याला नीट ऐकू येत नाही आणि दूर बसलेल्याला भरपूर ऐकू येते. त्यातून 'खर्जाची लहर लांब असते, ती काही अंतर गेल्यावरच फुलते' ही दंतकथा रूढ झाली. तसे असते तर हेडफोनमध्ये खर्ज कधीच ऐकू आला नसता. वादक ज्या उंचीवर आणि ज्या कोनात उभा असतो तिथे मधले सूर पोचत नाहीत, खोलीच्या भिंती कुठे सूर वाढवतात तर कुठे पुसून टाकतात, एवढाच त्याचा अर्थ.

हट्टाची परमावधी १९७४ साली झाली. ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाने त्या वर्षी जी 'वॉल ऑफ साउंड' उभारली, तिच्यात सहाशेहून अधिक स्पीकर होते आणि तिचे वजन सुमारे ७५ टन होते. प्रत्येक वाद्याला स्वतःचा स्पीकरसंच. फिल लेश यांच्या बेसच्या चार तारांचा आवाज वेगवेगळा काढून पंधरा-इंची स्पीकरांच्या उंच स्तंभांतून सोडता येई. ऐकणाऱ्यांनी त्या आवाजाची स्वच्छता अजून विसरलेली नाही. पण रंगमंच एका गावी उभा असताना दुसरा पुढच्या गावी बांधायला घ्यावा लागे. मालमोटारी, माणसे, इंधन यांचा खर्च वाद्यवृंदाच्या मिळकतीला झेपेना. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती भिंत कायमची उतरवली गेली. एकही वर न सोडण्याची किंमत किती, हे त्या एका वर्षाने दाखवले.

७

गंमत अशी की हे सारे अंदाजपंचे चालले असताना त्याचे गणित जगाच्या दुसऱ्या टोकाला सोडवून ठेवलेले होते. नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने १९६१ साली भोकाच्या पेट्यांवर एक निबंध तिथल्याच एका नियतकालिकात छापला. स्पीकरचे मोजके गुणधर्म मोजले की त्याला किती घनफळाची पेटी आणि केवढे भोक लागेल हे आधीच सांगता येते, असे त्यात दाखवले होते. उरलेल्या जगाने दहा वर्षे तिकडे लक्षच दिले नाही. १९७१ साली अमेरिकेतल्या ध्वनी-अभियांत्रिकीच्या मासिकाने तो पुन्हा छापला, आणि पाठोपाठ सिडनी विद्यापीठातून आलेल्या रिचर्ड स्मॉल यांच्या लेखांनी ते शास्त्र पूर्ण केले. आज कोणत्याही स्पीकरच्या माहितीपत्रकात या दोघांच्या नावाने ओळखले जाणारे आकडे असतात.

त्यामुळे पोलादी नियम मोडला नाही. करार डोळे उघडे ठेवून करता येऊ लागला एवढेच. १९८० च्या दशकात अंगठ्याने तार ठोकण्याची शैली पसरली, ठोकरीचा चकचकीत आवाज ऐकू यावा ही गरज निर्माण झाली, आणि स्टीव्ह राबे यांच्या एसडब्ल्यूआर कंपनीसारख्यांनी चार दहा-इंची स्पीकरांसोबत उंच सुरांसाठी लहान भोंगा बसवलेली पेटी रूढ केली. पाच तारांच्या बेसने सीमा आणखी खाली, ३१ कंपनांपर्यंत नेली. मग दोन शोध हाताशी आले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपान आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे सिद्ध झालेल्या निओडिमियमच्या चुंबकांनी स्पीकरचे वजन उतरवले, आणि २००० नंतर 'क्लास डी' जातीच्या ॲम्प्लिफायरांनी वॅट स्वस्त केला. फेंडरला जिथे सव्वीस वॅट मुश्किलीने मिळत तिथे आज दोनतीन किलोंच्या, दप्तरात मावणाऱ्या खोक्यातून पाचशे वॅट निघतात. सोडायचा वर आता तिसरा झाला. कार्यक्षमता खुशाल सोडा, पेटी लहान करा, वीज ओता. पाच-पाच इंचांच्या अनेक स्पीकरांच्या बेस-पेट्याही निघाल्या, आणि त्या उत्तम वाजतात.

आणि आता तर पेटीच मंचावरून निघून चालली आहे. मोठ्या कार्यक्रमांत वादक कानात यंत्र घालून स्वतःला ऐकतो, श्रोत्यांना सभागृहाचे स्पीकर ऐकवतात, आणि बेस थेट मिश्रणयंत्राला जोडलेला असतो. जेमर्सनच्या ध्वनिमुद्रणगृहातला रिवाज मंचावर आला. मात्र मध्येच एक संगणकीय करामत बसवली जाते. ती काय करते? आठ-दहाच्या पेटीचा आवाज नकलते. ५८ कंपनांखालची ती उतरण, वरचे सूर बोथट करणारी ती कागदी शंकूंची मर्यादा, हे सारे गणिताने पुन्हा तयार केले जाते. स्पीकर फाटू नयेत आणि आवाज दूर जावा म्हणून १९६९ साली स्वीकारलेली तडजोड आज आदर्श होऊन बसली आहे. खर्ज 'असाच' असतो, हे आपल्या कानांना त्या तडजोडीने शिकवले.

८

तेव्हा त्या मुलीला आम्ही आता काय सांगू?

पहिली गोष्ट, स्पीकरच्या व्यासावरून निवड करू नये. दोन पंधरा-इंचींत जेवढा फरक असू शकतो तेवढा एका पंधरा-इंचीत आणि एका दहा-इंचीत कधीकधी नसतो; खोक्याचे घनफळ, बंद की भोकाचा, शंकू किती सरकू शकतो, हे पाहावे. एक पंधरा आणि चार दहा अशी जोडी एकमेकांवर रचण्याची पद्धत दिसायला भारदस्त असली तरी त्यात एक मेख आहे. दोन्ही पेट्यांचा विद्युतरोध सारखा असेल तर शक्ती निम्मीनिम्मी वाटली जाते. म्हणजे तिकडे चौघे मिळून जेवढे सोसतात तेवढे इकडे एकट्या पंधरा-इंचीला सोसावे लागते. त्यापेक्षा एकाच जातीच्या दोन लहान पेट्या बऱ्या. घरी एक, कार्यक्रमाला दोन, आणि त्याही शेजारी न ठेवता एकावर एक : आवाज आडवा नीट पसरतो आणि वरची पेटी कानापाशी येते.

दुसरी गोष्ट, खोली. दहा फुटांच्या भिंतीत कोंडलेल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो, सुमारे ५६ कंपनांचा; बेसच्या मोकळ्या तिसऱ्या तारेला तो जवळजवळ येऊन भिडतो. बारा फुटांच्या भिंतीचा सूर ४७ च्या आसपास. आपल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत ते दोन सूर घुमणार आणि बाकीचे बापुडे वाटणार. पेटी बदलून हे जात नाही. ती कोपऱ्यातून हलवल्याने थोडेफार जाते.

तिसरी गोष्ट, कान. खर्ज पुरेसा वाटत नाही म्हणून आवाज वाढवत नेणे ही या इतिहासातली सर्वांत जुनी चूक आहे. तळाचा काही भाग मन भरून काढते, हे ठाऊक असले की हात आवरता येतो. गेलेली श्रवणशक्ती परत विकत मिळत नाही.

आणि रिक्षा? लिओ फेंडरने वाद्य लहान केले ते मोटारीत मावावे म्हणून. जेस ऑलिव्हरने ॲम्प्लिफायर उलटा करून पेटीच्या पोटात घातला तो उचलता यावा म्हणून. टाउनशेंडची पेटी दुभंगली ती उचलणाऱ्यांच्या पाठीपायी, आणि ७५ टनांची भिंत कोसळली ती मालमोटारींच्या खर्चापायी. मंचावर खर्ज कसा वाजावा हे दर वेळी कुणाच्या तरी खांद्याने, दाराच्या रुंदीने, गाडीच्या मागच्या बाकाने ठरवले. आम्ही ज्याला संगीताबाहेरचा प्रश्न समजून हसलो तो संगीताच्या पायाशीच बसलेला होता, खर्जासारखा. मूळ सूर असूनही न जाणवणारा.

तिने अखेर एक बारा-इंची स्पीकरची लहानशी पेटी घेतली. परवा ती घेऊन आमच्याकडे आली होती. रिक्षात बसते.